पान कुणी खाल्लं?

आक्कांचा संशय आधी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पोरांवर होता, मग वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर, आणि आठवडा संपेपर्यंत प्रकरण करणीपर्यंत पोचलं. त्यांच्या हापूसच्या कलमाला तांबूस पालवी फुटली होती आणि रोज सकाळी त्या पालवीतली बरीचशी पानं अंगणात पडलेली असायची. पिकून गळालेली नाहीत, वाळून गळालेली नाहीत. बुडाशी आडवी कापलेली, कात्री चालवावी इतकी सरळ. पानाचा बुडखा देठासकट फांदीवर आणि बाकीचं पान फरशीवर.

"वैनी, ह्ये माणसाचंच काम हाय," आक्का भिंतीवरून म्हणाल्या. "किड्याला असं सरळ कापता येतंय व्हय?"

आमच्या दोन घरांमधली भिंत छातीइतकी उंच आहे. तिच्यावर कोपरं टेकली की पंचगंगेच्या पातळीपासून गल्लीतल्या सोयरिकीपर्यंत कशाचाही निकाल लागतो. करणीचाही लागला असता. पण आक्कांचे यजमान, अण्णा, चहाचा कप घेऊन मागून आले. उभी हयात साखर कारखान्याच्या शेती खात्यात गेली, चिटबॉय म्हणून लागले आणि ओव्हरसियर होऊन निवृत्त झाले. पडलेलं एक पान उचलून त्यांनी उलटं केलं, उन्हाकडं धरलं आणि म्हणाले, "सोंडकिडा."

आंब्याच्या कोवळ्या पानावर येणारा हा सोंडेचा भुंगेरा जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा. मादी मधल्या शिरेजवळ पानात अंडी घालते, आणि ते झालं की पान बुडाशी कातरून खाली टाकते. अळी पडलेल्या पानातच पोखरत वाढते आणि पुढची अवस्था मातीत काढते. म्हणजे चोर पकडायला झाडाकडं बघून काही हाताला लागत नाही. मुद्देमाल जमिनीवर, आणि पुढच्या पिढीचे चोर त्या मुद्देमालात. रोजच्या रोज पानं झाडून, गोळा करून नष्ट करायची, एवढंच काम. आक्का रोज झाडत होत्याच. झाडून सगळी पानं खत होईल म्हणून आंब्याच्या आळ्यात लोटत होत्या.

"म्हंजे मी रोज त्येची पिल्लं उचलून झाडाच्या बुडात नेऊन घालतोय?"

"व्हय," अण्णा म्हणाले आणि चहा प्याले.

तेव्हापासून भिंतीवरच्या गप्पांत झाडांची भर पडली. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पान कमी झालंय, की पान आजारी पडलंय? कमी झालं असेल, भोकं असतील, कडा गायब असतील, तर तोंडानं कुरतडणारा कुणीतरी आहे, अळी नाहीतर भुंगेरा. पान जागेवर आहे पण पिवळं पडलंय, आकसलंय, चिकट झालंय, तर सोंड खुपसून रस पिणारा कुणीतरी आहे. एवढं ठरलं की निम्मे संशयित घरी पाठवता येतात. आणि तिसरी जात म्हणजे जागेवर नुसतीच सापडलेली. मुंग्या त्यात पहिल्या. जास्वंदीच्या शेंड्याला मुंग्यांची रांग दिसली की आपण मुंग्यांची पावडर आणतो. मुंग्या तिथं जेवायला आलेल्या असतात. स्वयंपाक पिठ्या ढेकणाचा किंवा माव्याचा असतो. पान उलटं केलं की पांढरा पिठासारखा थर दिसतो, तो खरा आरोपी.

गुलाबाचंही तसंच. कडेला चार आण्याएवढे गोल तुकडे कुणी कापून नेले, तर औषध शोधू नये. ती पानं कापणारी मधमाशी. खाण्यासाठी नव्हे, घरट्यात पिल्लांची खोली बांधायला नेते, आणि जाता-येता परागीभवनही करते. पानं विद्रूप दिसतात, मान्य. पण घरभाडं म्हणून सोडून द्यावीत.

आक्कांच्या कढीपत्त्याचं मात्र मलाही वाईट वाटलं. दोन दिवसांत नुसत्या काड्या. "कुणीतरी रातचं तोडून न्हेतंय, पोह्याला," हा त्यांचा तर्क. मी त्यांना एक पान दाखवलं. पानावर चिमणीची शीट पडलेली, काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा. आक्का ती नखानं उडवायला गेल्या आणि शीट चालायला लागली. लहानपणी ही अळी अशीच दिसते, पक्ष्यांनी आपलीच घाण समजून सोडून द्यावं म्हणून. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि पुढच्या फुगीर भागावर आडवा पट्टा आणि डोळ्यांसारखे ठिपके येतात. खरे डोळे तिथं नसतातच. मी तिला काडीनं टोचलं. डोक्यामागून शेंदरी रंगाची दोन मऊ शिंगं सर्रकन बाहेर आली आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटला.

"शीऽऽ! ह्ये काय वो!"

लिंबावरचं फुलपाखरू. लिंबू, बेल, कढीपत्ता, सगळी एकाच कुळातली झाडं, आणि अळीला वासावरून ते बरोबर कळतं. पोपटी पिवळ्या ठिपक्यांचं काळं फुलपाखरू अंगणात भिरभिरलं की आक्का "बघा किती देखणं" म्हणतात. ते दुपारभर लिंबाच्या शेंड्यांवर एकेक अंडं ठेवत हिंडत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी आणखी एक गोष्ट सांगितली. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्ल्यू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवलं, देशात असं करणारं ते पहिलं राज्य. निळ्या-काळ्या रंगाचं, तळहाताएवढं, आपल्याकडं राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला दिसतं. त्याची अळीही याच कुळातली पानं खाते.

आक्का क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे सरकारी हाय म्हणा की. मारली तर केस हुईल?"

आमची अळी सरकारी नव्हती, चुलत होती. तडजोड अशी झाली की कढीपत्त्याचं रोप लहान आहे, तिथल्या अळ्या उचलून माझ्या मोठ्या लिंबावर सोडायच्या. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. माझ्या लिंबाला खरा त्रास नागअळीचा आहे. कोवळ्या पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसते, पान गोळा होतं. अळी बाहेर सापडत नाही कारण ती पानाच्या सालीखाली असते, रेघेच्या टोकाला. त्या जखमेतून पुढं खैऱ्या रोग शिरतो, म्हणून पालवी फुटायच्या दिवसांत लक्ष ठेवायचं.

तगरीच्या बाबतीत अण्णांनी मला एक गोष्ट शिकवली: झाडाकडं बघण्याआधी जमिनीकडं बघा. तगर एका रात्रीत बोडकी झाली होती आणि पानांत शोधून शोधून काही दिसत नव्हतं. अण्णांनी फरशीवर बोट दाखवलं. मिऱ्यांपेक्षा मोठ्या, खाचा असलेल्या लेंड्या. "एवढी लेंडी, तर अळी बोटाएवढी असणार," म्हणाले, आणि लेंड्या जिथं जास्त होत्या त्याच्या बरोबर वर बघितलं. होती. हिरवी, शेपटीला लहानसं शिंग, आणि पुढं दोन निळे डोळे काढलेले. कण्हेर-तगरीवरचा पतंग. हिरव्या पानांत ती डोळ्यासमोर असून दिसत नाही, पण शौचालयाची व्यवस्था तिला करता येत नाही.

आता माझ्या नारळाकडं येते, कारण त्यावरून भिंतीच्या दोन्ही बाजूंचे संबंध काही काळ ताणलेले होते. अण्णांची गाडी माझ्या नारळाच्या झावळ्यांखाली लागते. तिच्यावर चिकटा पडायला लागला. पुसला की पुन्हा पडायचा. मग त्या चिकट्यावर काळं धरलं, काचेवर, टपावर, भिंतीवरच्या ओव्यावर, अगदी आक्कांच्या तुळशीवरसुद्धा. तुळस काळी पडली म्हटल्यावर विषय साधा राहिला नाही. गल्लीत तीन मतं होती. एक, गिरणीची काजळी. दोन, नारळाला काहीतरी रोग, तोडून टाका. तिसरं आक्कांनी मोठ्यानं कधी म्हटलं नाही, पण तुळशीला नमस्कार करताना माझ्या घराकडं बघून सुस्कारा टाकायच्या.

अण्णांनी काठीला विळा बांधून एक झावळी उतरवली. वरून काळी कुळकुळीत, खालून पांढरी. पांढरं म्हणजे मेणासारखं भुस्कट, आणि त्यात बारीक गोल गोल फेऱ्या, बोटानं रांगोळीचं वर्तुळ काढत जावं तशी घातलेली अंडी. भिंग लावल्यावर त्यात चपटी, हलता न येणारी पिल्लं दिसली, एकमेकांना चिकटून. चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेकडची, भारतात २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाचीच्या बाजूला आणि केरळात सापडली, आणि तिथून नारळ जिथं जिथं आहे तिथं पसरत गेली. कोकणातही आली. ती रस एवढा पिते की जास्तीची साखर मागून थेंबाथेंबानं टाकते. तो चिकटा. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. म्हणजे काळं नारळाच्या आतलं नव्हे, आणि तुळशीचं तर नव्हेच. ते वरून सांडलेल्या साखरेवरचं.

अण्णा पान हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वैनी, हे मी आधी बघितलंय. खालनं पांढरं, वरनं काळं. लोकरी मावा."

२००२ सालचा पावसाळा. सांगलीकडून बातमी आली आणि बघता बघता कोल्हापूरच्या उसात लोकरी मावा पसरला. फडात शिरून बाहेर आलं की अंगावरचे कपडे पांढरे, हात चिकट. लोक रात्रंदिवस पाठीवरचे पंप घेऊन फवारत होते. उंच वाढलेल्या उसात पंप घेऊन माणूस शिरणार कसा, आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचणार कसं? शेवटी मावा आटोक्यात आणला तो त्याला खाणाऱ्या अळ्यांनी. कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस ही नावं तेव्हा गावागावांत पाठ झाली होती. ज्या फडात त्या सापडायच्या तिथली पानं अळ्यांसकट कापून दुसऱ्या फडात नेऊन बांधायचे. "पोरीच्या लग्नाला आहेर न्यावा तशी पानं न्यायचो आम्ही," अण्णा म्हणाले. आणि जिथं लोकांनी घाबरून जहाल औषधं मारली तिथं आधी ह्याच अळ्या मेल्या.

नारळाच्या पांढऱ्या माशीचंही तेच आहे. एन्कार्सिया नावाची, डोळ्याला नीट दिसणारसुद्धा नाही एवढी गांधीलमाशीची जात, माशीच्या पिल्लांत अंडी घालते. कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेचा सल्लाही हाच की तिला जगू द्या, रासायनिक फवारणी टाळा. खालच्या झावळ्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा, कडुनिंबाचं तेल वापरायचं, आणि काळी बुरशी घालवायला पातळ स्टार्चचं पाणी. ते वाळून पापुद्रा झाला की बुरशी घेऊन गळतं. आक्कांनी भाताची पेज गाळून तुळशीला लावली. अण्णांनी गाडी लिंबाखाली लावायला सुरुवात केली, आणि सुस्कारे थांबले.

नारळाचं आहे म्हणून सांगते, झावळ्या त्रिकोणी कातरलेल्या, पंख्यासारख्या दिसल्या तर ते माशीचं काम नव्हे. तो गेंड्या भुंगा. शेंड्याचा सुईसारखा मिटलेला कोंब तो आडवा पोखरतो आणि महिन्यांनी झावळी उलगडली की दोन्ही बाजूंना सारखी नक्षी निघते. तोवर भुंगा केव्हाच दुसरीकडं गेलेला असतो. त्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात, तेव्हा आधी खड्डा उपसायचा, मग झाडाकडं बघायचं.

पावसाळ्यात शेवग्याला केसाळ अळ्या येतात. दिवसा खोडावर एकमेकींवर चढून घोंगडीसारख्या बसतात, रात्री वर जाऊन पाला खातात. इथं ओळखायची अडचण नाही, हात लागला की ओळख पटते. आक्कांचा नातू ओळख पटवून आला होता आणि दोन दिवस खाजवत होता. लांब काठीला चिंध्या बांधून पलिता करायचा ही जुनी रीत. दिवसा त्या एकत्र बसतात त्याचा एवढा एकच फायदा.

पण अण्णांचा जीव खरा हुमणीत. त्यांच्या गावच्या घरासमोर कडुनिंब आहे, त्याची पानं मे-जूनमध्ये कुणीतरी खाऊन टाकतं आणि दिवसा झाडावर एक किडा दिसत नाही. कडुनिंब खाणारा कोण, एवढा कडू पाला? गावातल्या म्हाताऱ्याही चकित होतात, असं आक्का म्हणाल्या. वळवाचा चांगला पाऊस झाला की त्या संध्याकाळी बॅटरी घेऊन झाडाखाली उभं राहावं. दिवेलागणीला मातीतून तांबूस तपकिरी भुंगेरे भिरभिरत वर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर गाठतात. तिथंच जोड्या जमतात, तिथंच पाला खातात, आणि उजाडायच्या आत परत मातीत. म्हणून सकाळी झाड खाल्लेलं दिसतं आणि आरोपी कामावर गेलेला असतो. कडुनिंबाचं एवढ्यानं काही बिघडत नाही, तो पुन्हा फुटतो. दुखणं पुढं आहे. मादी मातीत अंडी घालते, त्यातून पांढरी, अर्ध्या चंद्रासारखी वाकलेली अळी निघते आणि उसाच्या मुळ्या खाते. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, ओढला की हातात येतो. तेव्हा औषध ओतणाऱ्याचे पैसे जातात आणि ऊसही जातो.

"हुमणी मारायची जागा उसात न्हाई, कडुनिंबावर हाय," हे अण्णांनी नोकरीत असताना किती सभांमध्ये सांगितलं असेल. दिव्याचे सापळे लावायचे, खाली घमेल्यात रॉकेल घातलेलं पाणी ठेवायचं. रात्री फांद्या हलवायच्या, खाली अंथरलेल्या कापडावर भुंगेरे पडतात, ते गोळा करायचे. वर्षातून एकच पिढी, त्यामुळं त्या आठ-पंधरा रात्री साधल्या तर वर्ष साधलं. मात्र एका शेतकऱ्यानं करून भागत नाही, गावानं करावं लागतं. शेजाऱ्याच्या बाभळीवर जेवलेला भुंगेरा अंडी आपल्या सरीत घालतो. नदीकाठची हुमणी वेगळी, तिचा भुंगेरा पाल्याच्या फार मागं नसतो, म्हणून ही युक्ती माळावरच्या हुमणीलाच जास्त लागू पडते. अण्णा एवढ्या तपशिलात शिरले की आक्का आत कुकर लावायला जातात.

काही दुखणी नुसती दिसायला वाईट असतात. रस्त्याकडेच्या सप्तपर्णीच्या पानांवर हिरव्या मोडांसारखे फोड येतात, इतके की पान ओळखू येत नाही. आत एक चिमुकला रस पिणारा कीटक राहतो, त्यानं झाडाकडूनच घर बांधून घेतलेलं असतं. उंबरालाही अशा गाठी येतात. नृसिंहवाडीला जाणारा प्रत्येक जण औदुंबराला हात जोडतो, पान उलटून कुणी बघत नाही. करंजाच्या पानांवर बारीक पुटकुळ्या दिसतात त्या तर किड्याच्याही नव्हेत, कोळ्याच्या कुळातल्या सूक्ष्म कोळीच्या. फवारलं तरी औषध गाठीच्या आत जात नाही. झाडं मजेत असतात. माझं मत विचाराल तर अशा झाडांच्या वाटेला जाऊ नये. फारच डोळ्यात खुपत असेल तर रोपाची चार पानं खुडावीत.

परवा नवीन विषय निघाला. समोरच्या ओळीतल्या निवृत्त काकांचा चाफा. पानं पिवळी पडून गळताहेत, आणि काकांनी दुकानदाराला विचारून एकामागून एक किड्यांची औषधं मारली. वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. आक्का रस्त्यावरून येताना एक गळलेलं पान घेऊन आल्या आणि भिंतीवर ठेवलं. अण्णांनी खालच्या बाजूनं अंगठा फिरवला. अंगठ्याला नारिंगी पूड लागली, तिखट सांडावं तशी.

"ह्येला किडाच न्हाई. बुरशी हाय. तांबेरा. गळलेली पानं गोळा करून जाळाय पायजेत, आणि झाडाला वारा लागाय पायजे. किड्याचं औषध पाजून काय हुणार?"

"मग काकांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"आता लगेच नको," अण्णा म्हणाले. "औषधाला बरेच पैसे घातलेत त्यांनी. जरा दमानं, मी सांगतो."

आक्कांनी मान डोलावली, पान उचललं आणि अंगणाच्या पलीकडच्या भिंतीशी गेल्या. तिथल्या काकी कपडे वाळत घालत होत्या.

"आवो काकी, ऐकलासा काय? समोरच्यांच्या चाफ्याला कावीळ झालीया म्हणं."